रंग पानांचा, हिशेब पाण्याचा

लिंबागणेशच्या आसपास घरापुढे बाग करायची म्हटली की कोणतं फूल लावायचं हा प्रश्न नंतरचा; ड्रममध्ये पाणी किती उरतं हा पहिला. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत मांडता येतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं, वारा सुटला तर त्याहूनही जास्त. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हिरवळ त्याहून थोडं कमी मागते, तरी दहा बाय दहा फुटांची हिरवळ उन्हाळ्यात जगवायची तर रोज साठ-सत्तर लिटर पाणी मोजावं लागतं. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. अंगणातला तो हिरवा चौकोन घरातल्या एका माणसाहून जास्त पितो, असा याचा अर्थ. कुंड्यांचा हिशेबही फार वेगळा नाही. गुलाबाच्या दहा कुंड्यांना मे महिन्यात रोज दोन-दोन लिटर घातलं, तर महिन्याला सहाशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे तीन भरलेले ड्रम होतात. एवढं पाणी पाहून कुणी म्हणेल, दुष्काळी मुलखानं बागेचा नादच सोडावा. मला हे पटत नाही. नाद सोडायचा तो फुलांच्या रंगाचा. रंग पानात शोधावा, आणि पानही असं निवडावं की ज्याला पाण्याची घाई नाही. पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट या कसोटीला सगळ्यांत चांगलं उतरतं. त्यातली गंमत अशी की रंगीत पानाचा एरवी जो दोष मानतात, तोच या झाडाच्या बाबतीत दुष्काळात कामाला येतो. ते कसं, हे जरा सावकाश पाहू.

आधी जागा पाहिली पाहिजे. लिंबागणेश हे बीड तालुक्यातलं, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचं, गणपतीच्या देवस्थानासाठी ओळखलं जाणारं गाव. हा बालाघाटाचा मुलूख. याच डोंगररांगेत, पाटोदा तालुक्यात, मांजरा उगम पावते. जमीन बहुतेक ठिकाणी हलकी. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग असल्यानं वर्षाची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात राहते. ही सरासरी कागदावर बरी दिसते, पण जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये, तोही खंड देत पडतो आणि हलकी जमीन तो धरून ठेवत नाही. उरलेले सात-आठ महिने विहिरीवर, बोअरवर आणि नशीब फिरलं की टँकरवर काढायचे. १९७२ ची आठवण जुन्या माणसांना आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ची तर तरुणांनाही असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बीड जिल्ह्याची आणखी एक गोष्ट बागेच्या कुठल्याच पुस्तकात नसते: ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की हजारो घरांतली कर्ती माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागं म्हातारी माणसं आणि कधी कधी शाळेतली पोरं उरतात. अशा घराच्या अंगणात जे झाड लावायचं, ते चार-पाच महिने अर्धवट दुर्लक्षात तगलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर बसून लिहिलेला ‘रोज सकाळी हलकं पाणी द्या’ हा सल्ला इथं बिनकामाचा आहे.

फुलांचा रंग महाग का पडतो? फूल चार दिवसांचं असतं. बाग सतत रंगीत दिसायची तर झाडानं सतत नवे धुमारे, नव्या कळ्या काढल्या पाहिजेत, आणि नवी वाढ म्हणजे पाणी. गुलाब, शेवंती, झेंडू यांना कळी धरताना पाण्याचा ताण बसला की कळी गळते किंवा फूल बारीक येतं. पानाचं तसं नाही. चांगलं जाड पान एकदा आलं की वर्षानुवर्षं टिकतं; त्याच्यावर केलेला पाण्याचा खर्च दीर्घ मुदतीचा असतो. इथं कुणी बोगनवेलीकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. ऐन उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना ती भडक रंगानं लगडते. पण बोगनवेलीचा तो कागदासारखा गुलाबी-केशरी रंग फुलाचा नसतोच. फुलाला वेढणाऱ्या तीन पानांचा तो रंग. खरं फूल आत, बारीक, पांढरट नळीसारखं असतं. म्हणजे दुष्काळात जे झाड सर्वांत रंगीत दिसतं, त्यानंही रंगाचं काम पानांवरच सोपवलं आहे. कुंपणाला बोगनवेल जरूर लावावी. मात्र तिला काटे असतात, पसारा असतो, आणि पडवीत, ओट्यावर, खिडकीखाली तिला ठेवता येत नाही. तिथं दुसरं काही हवं.

रंगीत पानांची झाडं नर्सरीत ढिगानं मिळतात: क्रोटन, कोलियस, डिफेनबाखिया, ठिपक्यांचं मनीप्लांट. ही सगळी या मुलखात निकामी. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं की कोलियस माना टाकतो. पानावरच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्याचीही एक किंमत असते. त्या भागात हरितद्रव्य नसतं किंवा अगदी थोडं असतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही; हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. त्यामुळे ठिपक्या-पट्ट्यांचं झाड त्याच जातीच्या हिरव्या झाडापेक्षा सावकाश वाढतं, आणि कडक उन्हात त्याचा फिका भाग आधी करपतो. शोभेच्या झाडांच्या धंद्यात हा उणेपणाच मानला जातो. कोलियससारख्या पाणीखाऊ झाडाला तर हे दुहेरी नुकसान: पाणी घटाघटा प्यायचं आणि कमाई कमी. म्हणून ‘रंगीत पानं लावा’ एवढाच सल्ला अर्धवट ठरतो. पानात पाणी राखण्याची सोय जन्मजात असेल, तरच रंगाची चैन त्या झाडाला परवडते.

ही सोय कशी असते, याचा एक सुरुवातीचा मागोवा भारतातच लागला, आणि तो लागला जिभेनं. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडच्या नोकरीत होता. आपल्या बागेतल्या पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारी त्याला चव उरत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होतं, हे त्याच्या लक्षात आलं. १८१३ मध्ये त्यानं हे पत्रानं लंडनला कळवलं आणि १८१५ मध्ये ते तिथल्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पानफुटी आपल्याकडे घरोघरी कुंडीत असते, त्यामुळे हा प्रयोग ज्याला हवा त्यानं करून पाहावा. आंबटपणाचं कारण पुढच्या शतकात उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि ती छिद्रं उघडी असताना उन्हानं पाणी उडून जातं. पानफुटी, निवडुंग, घायपात आणि स्नेक प्लांट यांची रीत उलटी. ही झाडं दिवसा छिद्रं मिटून बसतात आणि रात्री, हवा गार आणि दमट असताना, उघडतात. रात्रभर घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळचा आंबटपणा त्याचाच. ऊन पडलं की दारं बंद ठेवून त्या साठ्यावर अन्न शिजवतात. फरक केवढा पडतो पाहा. गहू, भात, गुलाब यांसारख्या झाडांचं एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कमावताना चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी उडतं. ज्वारी, मका, ऊस या गटाचं अडीचशे-तीनशे ग्रॅम. रात्री श्वास घेणाऱ्या या झाडांचं पन्नास ते शंभर.

यावर बीडचा शेतकरी लगेच विचारील: ऊस जर काटकसरी गटात, तर मग तो विहिरी का उपसतो? याचं उत्तर माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. ऊस प्रत्येक ग्रॅममागे पाणी कमी घेतो, पण वर्षभर थांबायचं नाव न घेता टनावारी वाढत राहतो. पाण्याचा एकूण खर्च काटकसरीवर जितका अवलंबून, तितकाच वाढीच्या वेगावर. स्नेक प्लांटचं दोन्हीकडून बरं आहे: ग्रॅममागे पाणी थोडं आणि वाढही मंद. आता त्याच्या पानाला पिवळा काठ लावा. हिरवा भाग कमी झाला, वाढ आणखी मंदावली, पाण्याची मागणी आणखी घटली. ज्या माळ्याला कुंडी सहा महिन्यांत भरून विकायची आहे, त्याला हे नुकसानीचं. ज्या घराला तीच कुंडी चार दुष्काळ पार करून न्यायची आहे, त्याला यात काहीच गमावायचं नाही. क्रोटनच्या बाबतीत हा युक्तिवाद चालणार नाही, कारण तिथं छिद्रं दिवसा उघडतात आणि कितीही सावकाश वाढलं तरी पान उन्हात पाणी सांडतच राहतं. रंगामुळे आलेला मंदपणा जिथं काटकसरीवर बसतो, तिथंच तो गुण होतो. हिशेब पुन्हा कुंड्यांवर आणू: स्नेक प्लांटच्या दहा कुंड्यांना ऐन मे महिन्यात पंधरा दिवसांनी प्रत्येकी लिटरभर पाणी पुरतं. महिन्याला वीस लिटर, म्हणजे दोन कळश्या. गुलाबाचे तीन ड्रम आठवा.

पिवळ्या काठाची जी जात सगळीकडे दिसते, तिचं नाव ‘लॉरेन्टी’. एक पान जवळून बघण्यासारखं असतं. दोन-तीन बोटं रुंद, तळाशी पन्हळीसारखं वळलेलं, उभं, अडीच-तीन फुटांपर्यंत जाणारं. मधल्या भागात गडद हिरव्यावर राखाडी-हिरवे नागमोडी आडवे पट्टे. दोन्ही कडांना साडीच्या काठासारखी सरळ, एकसारखी पिवळी पट्टी, आणि ती कुठंही आत घुसत नाही. हा काठ इतका नेमका कसा येतो? झाडाच्या कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात. लॉरेन्टीत त्यातल्या एका थरात कधीतरी असा बदल झाला की त्या थराची पुढची पिढी हरितद्रव्य तयार करू शकत नाही. पानाची कड त्या थरापासून बनते, मधला भाग आतल्या धडधाकट थरापासून. एका पानात दोन वेगळ्या वंशांच्या पेशी नांदतात, असं म्हटलं तरी चालेल. यातूनच एक गोष्ट निघते आणि ती माहीत नसल्यानं पुष्कळांची निराशा होते. स्नेक प्लांटचं पान आडवं कापून तुकडे मातीत खोचले तर त्यांना मुळं फुटतात, काही महिन्यांनी बाजूनं कोंबही येतो. पण लॉरेन्टीच्या तुकड्यातून येणारं रोप बिनकाठाचं, निव्वळ हिरवं असतं. नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून फुटतो आणि काठाचा थर त्यात येत नाही. नर्सरीवाल्यानं फसवलं असं समजू नये. काठ हवा असेल तर कंदच फोडला पाहिजे.

कंद फोडणं अवघड नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडी आडवी करून थोपटली की मातीचा गड्डा निघतो. त्यात अंगठ्याएवढे जाड, नारिंगी रंगाचे आडवे कंद दिसतात आणि त्यांच्या टोकांना पानांचे जुडगे. प्रत्येक जुडग्याला वीतभर कंद आणि थोडी मुळं राहतील असं धारदार सुरीनं तोडावं. ताजा काप लगेच ओल्या मातीत घालू नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तो सुकला, वर पापुद्रा धरला, की मग लावावा. नाहीतर तिथूनच सड लागते. फुटव्यांत कधी एखादा पूर्ण हिरवा निघतो. तो दिसताक्षणी काढून वेगळ्या कुंडीत लावावा, कारण तो जोमानं वाढतो आणि काठाच्या जुडग्यांना दाबतो. बुटकं, फुलासारखं पसरणारं झाड हवं असेल तर ‘हानी’ ही जात आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एका रोपवाटिकेत ती अचानक निपजली. तिचा सोनेरी काठाचा प्रकारही मिळतो. खिडकीच्या फळीवर ठेवायला ती बरी, फक्त तिच्या मधल्या खोलगट भागात पाणी साचू देऊ नये.

लागवडीत सर्वांत मोठी चूक माती निवडताना होते. चांगली माती म्हणून लोक शेतातली काळी आणून कुंडी भरतात. काळी पाणी धरून ठेवते, वाळली की आवळते आणि भेगाळते; या कंदाला दोन्ही सोसत नाही. इथं हलक्या जमिनीचा गाव नशीबवान आहे. एरवी शेतात शिव्या खाणारा मुरूम या झाडाला मानवतो. दोन घमेली मुरूम किंवा जाड वाळू, एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. जुन्या विटांचे तुकडे मिळाले तर तळाला. कुंडी मातीची असेल तर उत्तम. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, जुनं घमेलं हेही चालतं. तळाला चार-पाच भोकं असली की झालं. पातळ प्लॅस्टिकच्या कुंडीचं मात्र काही खरं नाही, वाढलेले कंद ती फाडून बाहेर येतात. जागा पूर्वेची, किंवा लिंबाच्या झाडाच्या विरळ सावलीतली. लॉरेन्टी ऊन सोसते असं सर्रास सांगतात, पण पारा बेचाळीसवर गेल्यावर दुपारच्या थेट उन्हात पानावर पांढरट चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत. पत्र्याच्या घराच्या पश्चिम भिंतीला कुंड्या टेकवून ठेवणं तर टाळावंच, तिथं उन्हाला पत्र्याची धग येऊन मिळते. अगदी अंधाऱ्या खोलीत झाड जगतं, पण वाढ जवळजवळ थांबते आणि पानांचा उठाव जातो.

पाण्याबद्दल नियम एकच: बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची आणि माती पूर्ण कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. उन्हाळ्यात हे दोन आठवड्यांनी येतं, थंडीत महिन्यानं किंवा त्याहून उशिरा. पावसाळ्यात पन्हाळीखाली कुंडी ठेवू नये. हे झाड तहानेनं क्वचित मरतं. मरतं ते लाडानं. पान बुडाशी मऊ, पिवळट आणि वासाचं झालं की सड लागली समजावं; तेवढा भाग कापून उरलेला कंद सुकवावा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी म्हणूनच हे झाड सोयीचं आहे. जाण्याआधी कुंड्या पडवीच्या सावलीत ओढून ठेवल्या आणि मागं राहिलेल्या आजीनं महिन्यानं आठवण करून तांब्याभर पाणी घातलं, तरी फाल्गुनात झाड जागच्या जागी असतं. भांडी धुतलेलं, साबण फारसा नसलेलं पाणी चालेल. कपड्यांच्या पावडरीचं पाणी आणि गावच्या शुद्धीकरण यंत्रातून बाजूला पडणारं खारं पाणी मात्र रोजच्या रोज घालू नये. क्षार मातीत साचून पानांची टोकं तपकिरी होतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड: जिथं हंड्यासाठी रांग लागते तिथं शोभेच्या झाडाच्या गप्पा कशाला? तेवढ्या कळशीत शेवग्याचं, कढीपत्त्याचं रोप जगवावं. शेवगा लावावाच, कढीपत्ताही लावावा. दोन कळश्या पाण्यानं त्यांच्या वाट्याचं काही कमी होत नाही. आणि रंगाची हौस ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे, असं मानणाऱ्यानं दुष्काळी वर्षात गावातून एक चक्कर मारावी. तुळशीवृंदावन सारवलेलं असतं, डब्यात झेंडू असतो, पत्र्याच्या घरावर दोडक्याचा वेल असतो. माणसं हौस करतातच. ती दोन कळश्यांत भागावी की सहाशे लिटरमध्ये, एवढाच प्रश्न उरतो. दुसरा आक्षेप घरातल्या बायका घेतील, आणि गणपतीच्या गावात तो अगदी साहजिक आहे: या पानाचा देवाला काय उपयोग? गणपतीला जास्वंद लागते. खरं आहे, स्नेक प्लांट पूजेच्या ताटात जात नाही. माझं उत्तर तडजोडीचं आहे. मोरीच्या पाण्यावर एक जास्वंद जगवावी, आणि तिच्यासाठी पाणी उरावं म्हणूनच बाकी कुंड्यांतला रंग पानांचा ठेवावा. सगळ्याच कुंड्यांत फुलं धरली तर मे महिन्यात जास्वंदीलाही पाणी मिळत नाही, असा अनुभव बहुतेक अंगणांचा असतो.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. हे झाड पश्चिम आफ्रिकेतलं. लॉरेन्टी ही जात काँगोतून विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात गेली आणि एमिल लॉरेन या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. देशी सोडून परदेशी का लावायचं? परकेपणाचा निकष लावायचा तर ज्या सीताफळाला बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मूळचं अमेरिकेकडचं. मिरची आणि बांधावरचा घायपातही तिकडचेच. या झाडाची एक भारतीय बहीण मात्र आहे: मूर्वा म्हणून ओळखली जाणारी, रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाची जात. तिच्या पानांचा वाख चिवट असतो आणि त्यापासून धनुष्याची दोरी वळत. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेची सांगितली आहे, पण जुन्या ग्रंथांतली मूर्वा नेमकी कोणती यावर वैद्यांचं एकमत नाही, तेव्हा त्या वाटेनं फार पुढं जाऊ नये. मूर्वा मिळाली तर अवश्य लावावी. तिच्यात पिवळा काठ नाही इतकंच. परकेपणापेक्षा खरी भीती पसरण्याची आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. घाणेरी आपल्याकडे बागेतलं शोभेचं झाड म्हणूनच आली आणि आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे. स्नेक प्लांटनंही फ्लोरिडात आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये उपद्रव दिला आहे. ते मुख्यतः कंदानं पसरतं, घाणेरीसारखं पाखरांच्या पोटातून रानभर जात नाही. त्यामुळे बंदोबस्त आपल्या हातात राहतो. कुंडीतच लावावं, आणि छाटलेले कंद-पानं ओढ्यात, बांधावर किंवा गायरानात कधीही टाकू नयेत. एक फेकलेला तुकडा रुजायला पुरतो.

दावणीजवळही ते ठेवू नये. पानात सॅपोनिन असतात. कुत्र्या-मांजरानं चघळलं तर लाळ, उलट्या, जुलाब होतात, लहान मुलाच्या तोंडाची आग होऊ शकते. शेळी काय खाईल याचा नेम नसतो, म्हणून कुंडी तिच्या तोंडाच्या उंचीवर नको. जिवावर बेतावं इतकं हे विष जहाल मानलं जात नाही, तरी रांगतं मूल असलेल्या घरात कुंडी फळीवर ठेवलेली बरी.

राहता राहिली ती विक्रीची भाषा. ‘हे झाड रात्री ऑक्सिजन देतं, झोपायच्या खोलीत ठेवा, हवा शुद्ध होते’ असं सांगून आजकाल ते दुप्पट भावानं खपवतात. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे वर आलंच आहे, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. तो दिवसाच होतो. हवा शुद्ध होण्याच्या दाव्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास आहे. तो बंद पेट्यांत केलेला होता. दारं-खिडक्यांतून वारा खेळणाऱ्या घराला तो लागू पडत नाही. २०१९ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा असं दिसलं की खिडकीतून आपोआप होणाऱ्या शुद्धीची बरोबरी करायची तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लावावी लागतील. बीडच्या पत्र्याच्या घरात हवा आत यायची वाण नाही. वाण आहे ती पाण्याची. त्या एका बाबतीत हे झाड जे करतं ते खरं आहे, आणि विकत घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि विकत तरी एकदाच घ्यावं लागतं. भरलेल्या एका कुंडीतून दोन-तीन वर्षांनी तीन-चार जुडगे निघतात, आणि मृग लागला की शेजारणींना कंद देता येतात. देताना एवढं सांगावं: पान कापून लावू नका, कंद दोन दिवस सुकू द्या, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी घालू नका. जून-जुलैत पावसानं ओढ दिली, टँकर आठवड्यावर गेला आणि पानांवर उभ्या सुरकुत्या दिसू लागल्या तरी घाबरायचं कारण नाही. ते पान साठवणीतलं पाणी वापरतं आहे. लिटरभर पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत त्या सुरकुत्या भरून येतात.